शर्ट आला, संत्रा अडला : व्यापार करार करणाऱ्यांना वरुडहून खुलं पत्र

प्रति,
भारताच्या वतीनं व्यापार करारांच्या वाटाघाटीला बसणारे सर्व अधिकारी, आणि त्या करारांवर शेवटची सही करणारे मंत्रिमहोदय,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : बांगलादेशाशी पुढचा करार करताना संत्रा टेबलावर ठेवण्याबाबत, आणि इतर काही.

महोदय, सविनय नमस्कार.

मी वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार. साडेचार एकरात पाचशेच्या आसपास झाडं आहेत. बाकी सहा एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. रेल्वेनं तर स्टेशनच्या पाटीवरच 'वरुड ऑरेंज सिटी' लिहून ठेवलंय. पाटी छान आहे. गाडीतून उतरणाऱ्याला वाटत असेल, इथली माणसं संत्र्यावर पैसे मोजत बसली असतील.

२०२३ च्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून दिवाळीच्या सुमारास तोडायला येणाऱ्या पिकाची गोष्ट सांगतो. ऑगस्टात व्यापारी येऊन गेला. झाडाझाडाखाली वाकून त्यानं डोळ्यांनीच फळ मोजलं, उभ्या बागेचा ठोक सौदा केला, इसार दिला आणि दिवाळीच्या आगेमागे तोडा धरतो म्हणाला. दिवाळी झाली. फोन केला की 'येतो ना भाऊ' एवढंच उत्तर. फळ रंगावर आलं, मग पोकळ व्हायला लागलं, मग रोज सकाळी झाडाखाली टोपली-टोपली फळ पडलेलं दिसू लागलं. शेवटी एक दिवस तो आला, पण क्रेट घेऊन नाही, मोटरसायकलवर एकटाच. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमचा माल खराब नाही. पन तिकडं पाठवतो म्हटलं तर मले घरचे पैसे घालावे लागते. इसार ठेवा तुमच्यापाशी."

तिकडं म्हणजे बांगलादेशात. नागपुरी संत्र्याचं बाहेरच्या देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. २०१९ च्या सुमारास तिथं किलोमागे वीस रुपयांच्या आसपास आयात शुल्क लागायचं. दरवर्षी चढत चढत २०२३ मध्ये ते ८८ रुपयांवर गेलं. जे फळ मी बागेत वीस-पंचवीस रुपये किलोनं देतो, त्याच्यावर सरहद्दीवरचा आकारच ८८ रुपये! पुढं हंगाम निम्मा सरल्यावर राज्य सरकारनं किलोमागे ४४ रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं. ते निर्यातदाराच्या नावानं होतं. माझा माल तोवर चुरीच्या, म्हणजे बारक्या-टाकाऊ फळाच्या, भावात गेला होता, आणि जो तेवढ्यालाही गेला नाही तो धुऱ्यावरच्या खड्ड्यात. त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या.

त्याच महिन्यात मुलासाठी अमरावतीहून शर्ट आणला. कॉलरच्या आतली चिठ्ठी वाचली तर 'मेड इन बांगलादेश'. दोन मिनिटं तो शर्ट हातात धरून बसलो होतो. बायको म्हणाली, काय झालं, माप चुकलं काय?

माप बरोबर होतं. चुकलं काय ते शोधायला लागलो, तेव्हा तुमचे करार वाचायला घेतले. बीकॉमला शिकलेलं बरंचसं विसरलो होतो, ते पुन्हा काढलं. दोन वर्षं वाचतोय. बंद पाकिटातली निवेदनं याआधी बरीच दिली, त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. म्हणून हे पत्र उघडं लिहितोय, चार लोकांनी वाचावं म्हणून.

लिहायला आजचाच मुहूर्त का, तेही सांगतो. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायची तारीख संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली आहे. त्या यादीत आहेत म्हणून त्यांना आपल्याकडे सवलत मिळते. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापार करार, २००४ मध्ये इस्लामाबादला झाला, २००६ पासून लागू झाला, आणि २०११ मध्ये आपण यादीतल्या देशांसाठी तंबाखू-दारूसारख्या २५ बाबी सोडून सगळं शून्य शुल्कावर आणलं. माझ्या मुलाचा शर्ट त्याच दारातून आला. यादीतून नाव गेलं की त्यांना आपल्याशी नव्यानं बोलावं लागेल. सर्वंकष कराराचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्येच झालेला आहे. २०२४ च्या ऑगस्टात तिथलं सरकार पडलं, त्यानंतर तुमचं त्यांच्याशी काय चाललंय ते पेपरात वाचतोच. त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवरून घेणं बंद केलं, मे २०२५ मध्ये आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवर बंद केले. हा रुसवा कधीतरी संपेल. तेव्हा जो कागद टेबलावर येईल, त्यात संत्र्याची ओळ असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुम्ही म्हणाल, हा आला करारांचा विरोधक. तसं नाही. माझा साडू निफाडला द्राक्ष लावतो. त्याचा माल युरोपात जातो. तिथं चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षाला करारामुळं शुल्क लागत नाही, याच्या पेटीला लागतं. तो हिशेब मांडायला लागला की पेटीवरच्या चिकटपट्टीचा खर्चसुद्धा धरतो, म्हणून त्याचं ऐकतो मी. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या कराराचं मी मनापासून स्वागत करतो. ब्रिटनमध्ये आपल्या कपड्याला १२ टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, बांगलादेशाच्या कपड्याला शून्य. ते अंतर जाणार असेल तर आमच्या अमरावतीजवळ नांदगाव पेठला होऊ घातलेल्या कापड पार्कात चार गिरण्या जास्त येतील आणि माझ्या कापसाला गिऱ्हाईक मिळेल.

आणि हेही कबूल करतो की त्या बांगलादेशी शर्टातलं सूत आपलंच असू शकतं. आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच. म्हणजे कपाशीवाला मी त्या शर्टावर खूश असायला पाहिजे आणि संत्र्यावाला मी नाराज. एकाच सातबाऱ्यावर दोन माणसं भांडतायत म्हणा ना. म्हणून शर्ट अडवा असं मी कुठंही म्हणत नाही. शर्टाला वाट दिलीत तेव्हा संत्र्याची वाट मागितली होती काय, एवढंच विचारतोय.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार शुल्काच्या नावांची. करारात तुम्ही सीमाशुल्क कमी करून घेता. पण शेजारी देशात शुल्काला एकच नाव नसतं. मूळ सीमाशुल्क वेगळं, त्यावर नियामक शुल्क, त्यावर पूरक शुल्क, आणि हे सगळं मालाच्या कुठल्या किमतीवर लावायचं ते त्यांचा कस्टमवाला ठरवणार. एक नाव खाली आणायचं आणि दुसरं वर न्यायचं, करार जागच्या जागी शाबूत! मे २०२२ मध्ये बांगलादेशाला डॉलरची चणचण भासली, तेव्हा त्यांनी बाहेरच्या फळांवर नियामक शुल्क वाढवलं. ते फक्त भारतावर नव्हतं, सगळ्या देशांच्या फळांवर होतं, हे खरं आहे, आणि त्यांच्या अडचणीबद्दल मी त्यांना दोष देत नाही. डॉलर संपत आले की सफरचंद-संत्री आधी बंद करायची, हे कोणताही संसारी माणूस करील. पण आमचं तसं नाही. सफरचंदवाल्याला दहा देश आहेत. वरुडच्या ट्रकला सरहद्दीवरच्या आपल्या पेट्रापोल नाक्याच्या पलीकडं त्यांचं बेनापोल, त्याशिवाय नाव घेण्यासारखं दुसरं दारच नाही. संत्रा सोलायला सोपा, पण साल ढिली. दूरच्या जहाजात टिकवायचा म्हणजे मेण लावायला लाइन पाहिजे, थंड साखळी पाहिजे, आणि ती आमच्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकाच गिऱ्हाइकावर उभं पीक असेल, तर त्या गिऱ्हाइकाशी बोलताना ते पीक आधी आठवायला नको काय? चार वर्षं शुल्क चढत होतं. त्या चार वर्षांत आपल्याकडून काय विचारणा झाली, कोणत्या बैठकीत झाली, हे आम्हाला आजही कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी तक्रार तेलाची. ही जरा लांब आहे, कारण सोयाबीन माझ्या सहा एकरातलं मुख्य पीक आहे आणि या प्रकरणात दोष एकट्या करारांचा नाही.

१९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वतःच्या पायावर उभा होता. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर, आणि त्यातला मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. जागतिक व्यापार संघटनेत आपण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायचा हक्क राखून ठेवलाय. म्हणजे शुल्क खाली आणलं ते बहुतेक वेळा आपणच, शहरातल्या महागाईकडं बघून. मात्र आसियान, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियासह आग्नेय आशियातल्या देशांचा गट, त्याच्याशी केलेल्या करारानं एक नवीन झाकण बसवलं. तो करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला, जानेवारी २०१० पासून लागू झाला, आणि २०१९ संपेपर्यंत कच्च्या पामतेलावर ३७.५ आणि शुद्ध केलेल्यावर ४५ टक्के इतक्यावर शुल्क आणायचं आपण लिहून दिलं. ३०० चा हक्क कपाटात राहिला. मलेशियाला तर वेगळ्या करारानं शुद्ध तेलावर आणखी सूट होती, ती एवढी अंगावर आली की सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्यावर पाच टक्के जास्तीचं शुल्क लावावं लागलं, आणि जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आणावे लागले.

हे झालं पुढचं दार. मागच्या दाराची गंमत वेगळीच. नेपाळात पाम पिकत नाही. सोयाबीन पिकतं ते एवढंसं. पण कच्चं तेल परदेशातून आपल्याच कोलकाता-हल्दियाच्या बंदरात उतरतं, आपल्याच रस्त्यानं बीरगंज-विराटनगरला जातं, तिथं शुद्ध होतं, आणि नेपाळी माल म्हणून शून्य शुल्कानं परत आपल्याकडं येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तुम्ही शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर सगळं मिळून २७.५ टक्के आणि शुद्ध तेलावर ३५.७५. आम्ही म्हटलं, चला, या वर्षी सोयाबीनला दिवस बरे. पुढच्या काही महिन्यांत नेपाळच्या निर्यातीत सोयातेल पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मी ४,१०० ला विकलं. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून पोती परत आली होती, आणि घरात दोन दिवसांनी लग्न होतं. मग ३० मे २०२५ ला, पेरणी तोंडावर असताना, कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर. बियाणं घरात येऊन पडलेलं असताना.

नेपाळशी वाकडं घ्या असं कोण म्हणतंय? शेजारी आहे, तिथल्या माणसाला रोजगार पाहिजे. पण मूळ कुठलं हे ठरवणारा नियम एवढा सैल असेल, तर करार त्या देशाशी राहत नाही, जगाशीच होतो. २०२० मध्ये तुम्ही मूळ तपासायचे कस्टमचे नियम कडक केलेत, ते चांगलं केलंत. तेलाच्या बाबतीत तरी, नुसतं गाळून-धुऊन तेलाचा देश बदलत नाही, एवढं एक वाक्य त्यात घाला.

तिसरी तक्रार छोटी आहे, पण मनाला जास्त लागली. ऑस्ट्रेलियाशी २ एप्रिल २०२२ ला करार झाला. त्यात त्यांचा ५१,००० टन कापूस दरवर्षी बिनशुल्क येणार. आपल्या गाठींत मोजला तर तीन लाख गाठी. त्याच करारात संत्री आणि मँडरिन मिळून १३,७०० टन, निम्म्या शुल्कानं. खरं सांगायचं तर हा आकडा आमच्या पिकापुढं फार मोठा नाही. तो कापूस लांब धाग्याचा, गिरण्यांना पाहिजे असतो, आणि त्यांचा हंगाम आपल्या उलट. दिल्लीत कुणी मला हे समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण कुणी आलं नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फोटो काढायला माणसं आली होती. संत्र्याची ओळ परदेशाच्या यादीत टाकली तेव्हा मला ती एका कृषी केंद्राच्या काउंटरवर पडलेल्या जुन्या पेपरात दिसली, कराराला वर्ष झाल्यावर. कीटकनाशकाच्या बाटल्या त्यात गुंडाळून देत होता तो.

कापसाचं पुढंही तेच. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, गिरण्या अडचणीत आल्या, हे समजतं. त्यांना दिलासा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलंत. हा करार नव्हे, तुमचा एकतर्फी निर्णय. पण महिने बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमची वेचणी. गिरणीवाल्याला मदत करायला शेतकऱ्याचाच हंगाम का लागतो?

चौथी तक्रार देशाच्या आकाराची आहे. आम्हा गाववाल्यांना ती कुंपणाच्या भाषेत लवकर कळते. माझ्या बागेला काटेरी तारेचं कुंपण आहे, शेजाऱ्याच्या पडीताला काहीच नाही. आम्ही ठरवलं, दोघांनी एकमेकांची कुंपणं काढायची. त्यानं काय काढलं? सिंगापूरशी २००५ मध्ये आपला करार झाला, तेव्हा सिंगापूरचं शुल्क जवळपास सगळ्या मालावर आधीच शून्य होतं, जगाला शून्य होतं. आपण आपल्या मोठ्या, शुल्कानं राखलेल्या बाजारात त्यांना सवलत दिली आणि मालाच्या बाबतीत बदल्यात मिळालं ते आधीच फुकट असलेलं. आपलं सरासरी शुल्क २०२३ मध्येही १७ टक्क्यांच्या आसपास होतं. असं असलं की करारात देणं जास्त आणि घेणं कमी, हे गणितानंच होतं. आसियानशी २०१०-११ मध्ये आपली व्यापारातली तूट पाच अब्ज डॉलरच्या घरात होती, २०२२-२३ मध्ये ४३ अब्जांच्या वर गेली. त्या कराराचा आढावा २०२५ संपायच्या आत उरकायचं ठरलं होतं. वर्ष संपत आलं.

तूट म्हणजे सगळं वाईट असंही नाही. चीनशी आपला मुक्त व्यापार करारच नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेपमधून, म्हणजे चीन आणि आसियान ज्यात आहेत त्या मोठ्या व्यापार कराराच्या बोलण्यांमधून, बाहेर पडलो, आणि तरी २०२४-२५ मध्ये चीनशी तूट ९९ अब्ज डॉलरवर आहे. आरसेपमधून बाहेर पडलात त्याचं दूधवाल्यांबरोबर मीही कौतुक केलं होतं. आता वाटतं, दार लावून घेतल्यानं घर सुरक्षित होतं असं नाही, आतलं कारखान्याचं काम आपण केलं नाही तर माल दुसऱ्या वाटेनं येतोच. पण मोठ्या देशाजवळ एक गोष्ट असते जी छोट्याजवळ नसते. दीडशे कोटींचा बाजार. तो एकदाच द्यायचा असतो. लहान देश करार करतात तेव्हा त्यांना बाजार हवा असतो. मोठा देश बऱ्याचदा मैत्री, सामरिक हिशेब, चीनला शह असल्या कारणांसाठी करतो. त्यात गैर काही नाही. फक्त परराष्ट्र खात्याच्या मैत्रीची किंमत वरुडच्या धुऱ्यावर वसूल होऊ नये.

पाचवी आणि शेवटची. शेती हा राज्यांचा विषय, परदेशी करार केंद्राचा. अमेरिकेत असा करार काँग्रेसपुढं जातो, युरोपात युरोपीय संसदेची संमती लागते. आपल्याकडं संसदेची मंजुरी घ्यायचं बंधन नाही, सही झाल्यावर कळतं. २ ऑक्टोबर २००९ ला केरळात आसियान कराराविरुद्ध रबर, मिरी, नारळवाल्यांसाठी माणसांची साखळी धरली गेली होती. आम्ही वऱ्हाडात तेव्हा सोयाबीन काढत होतो. पामतेलाचा अर्थ आम्हाला कळायला दहा वर्षं लागली, यात आमचाही आळस आहेच.

आणि नुकसान झालं तर? अमेरिकेनं १९६२ मध्येच कायदा केला की व्यापार खुला झाल्यानं ज्याचं काम जाईल त्याला सरकार मदत करील. ती योजना २०२२ मध्ये तिथं बंद पडली, हे वेगळं. युरोपनं २००६ मध्ये तसाच निधी काढला. आपल्याकडं कराराचा फायदा कुणाला किती, हे प्रसिद्धिपत्रकात छापून येतं. तोट्याचं पत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मागण्या थोडक्यात लिहितो. तुम्हाला फायलीत लावायला सोपं जाईल.

बांगलादेशाशी नवा करार होईल तेव्हा संत्र्याचं नाव घेऊन शुल्काची कमाल मर्यादा लिहून घ्या. ती मर्यादा सीमाशुल्काची नको. नियामक, पूरक, जे काही असेल ते सगळं मिळून किलोमागे किती, अशी पाहिजे. ती ओलांडली तर किती दिवसांत बोलणी आणि बोलणी फसली तर आपण काय करणार, हेही त्यातच असू द्या.

साफ्टा आणि नेपाळच्या करारात खाद्यतेलाच्या मुळाचा नियम बदला. बी त्या देशात पिकलं किंवा निदान बियातून तेल तिथं काढलं गेलं असेल तरच सवलत.

कापूस, सोयाबीन आणि खाद्यतेल यांचं शुल्क पेरणीआधी, मे महिन्याच्या आत जाहीर करा आणि माल विकून होईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, त्याला हात लावू नका. वाढवायचं नसेल तर वाढवू नका. पण मधेच खाली आणू नका.

कोणत्याही करारावर सही होण्याआधी, पीकवार आणि जिल्हावार परिणामांचा कागद मराठीसह राज्यांच्या भाषांत जाहीर करा आणि संसदेत ठेवा. वाटाघाटीची गुपितं नकोत आम्हाला, कोणती पिकं यादीत आहेत तेवढं सांगा.

करारामुळं स्वस्त मालावर जे वाचतं, त्यातला काही भाग ज्या पिकांना फटका बसतो त्यांच्यासाठी बाजूला काढा. आमच्या बाबतीत तो मेण लावायच्या लाइन, शीतगृह आणि रस प्रक्रियेवर खर्च झाला तर मला रोख अनुदान नको. बांगलादेशानं दार लावलं तर आखाती देशात माल पोचवता आला पाहिजे. २०२२ मध्ये अमिरातीशी तुम्ही ८८ दिवसांत करार केलात, तर एखाद्या हंगामात एक शीतगृह होऊ शकतं.

शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरंच लवकर पाहिजे. बागेला सध्या पाणी तोडून ताण दिलाय. पानं जरा कोमेजली की जानेवारीत शेणखत टाकून पाणी सोडीन, फेब्रुवारीत फुलं धरतील, आणि हा आंबिया बहार पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडायला येईल, नेमका बांगलादेश त्या यादीतून बाहेर पडायच्या दिवसांत. खत, फवारणी, बांबूचे टेकू आणि मजुरी धरून झाडामागे किती खर्च करायचा, ते मला या पंधरा दिवसांत ठरवायचंय. कृषी केंद्रवाला उधारीची वही उघडून बसला आहे. तेव्हा बेनापोलला किलोमागे किती लागणार आहे, तेवढं कळवा.

आपला,
एक संत्रा बागायतदार
तालुका वरुड, जिल्हा अमरावती
डिसेंबर २०२५